संशोधक डॉक्टर आणि कंपनीचा पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय संशोधनातल्या पैशाचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. ‘सगळे विकले गेलेत’ हा एक, आणि ‘डॉक्टरांवर संशय घेता म्हणजे काय?’ हा दुसरा. दोन्ही ऐकून कान किटले, तेव्हा हे पान लिहायला घेतलं. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली आहेत, कारण तिथे चौकश्या झाल्या, कागद बाहेर आले, आकडे छापले गेले. आपल्याकडचं काय, तेही खाली आहे. ते तुलनेने थोडकं का, हे त्यातच कळेल.

‘परस्परविरोधी हितसंबंध’ म्हणजे सोप्या भाषेत काय?

हा शब्द आपल्याकडे क्रिकेट मंडळाच्या बातम्यांनी घरोघरी पोचवला. एकाच माणसाने संघही निवडायचा आणि खेळाडूंच्या करारांची दलालीही करायची, हे चालणार नाही, इतकं आपल्याला लगेच पटतं. संशोधनातही तेच. संशोधक डॉक्टरची पहिली बांधिलकी दोन गोष्टींशी असते: जे दिसलं ते खरं सांगणं आणि चाचणीतल्या माणसाला जपणं. त्याच वेळी त्याच औषधाच्या कंपनीत त्याचे शेअर असतील, पेटंटची रॉयल्टी येत असेल किंवा सल्ल्याचं मानधन मिळत असेल, तर दुसरं पारडं पहिल्यावर दाब टाकू शकतं. ही झाली परिस्थिती. त्याचा निर्णय खरोखर वाकला का, हा वेगळा प्रश्न. सख्ख्या भावाचा खटला समोर आला तर न्यायाधीश बाजूला होतात; ते अन्याय करणारच होते असा त्याचा अर्थ कोणी काढत नाही.

खरं तर मराठीत यासाठी जुना आणि नेमका शब्द आहे: मिंधेपणा. मिंध्या माणसाने काही चोरलेलं नसतं, कोणाला फसवलेलं नसतं. फक्त समोरच्याला ‘नाही’ म्हणताना त्याची जीभ अडखळते. कायदे रुपये आणि डॉलर मोजतात, कारण मिंधेपणा मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

म्हणजे ही लाच नव्हे?

नाही. लाचेत ठरलेलं काम असतं आणि ठरलेली किंमत असते. इथे बहुतेक व्यवहार कायदेशीर असतात: चेकने दिलेले, करारात लिहिलेले, कर भरलेले. म्हणूनच ते पकडायला अवघड.

कोणकोणता पैसा यात मोजतात?

अमेरिकेत सरकारी निधीवर संशोधन करणाऱ्यांसाठी १९९५ पासून नियम आहे. तेव्हा मर्यादा १०,००० डॉलरची होती. २०११ मध्ये ती ५,००० वर आणली आणि ऑगस्ट २०१२ पासून लागू केली. एखाद्या कंपनीकडून बारा महिन्यांत मिळालेलं मानधन आणि तिचे शेअर मिळून एवढ्याच्या वर गेले, तर विद्यापीठाला कळवायचं. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल तर तिचा एक शेअरही कळवायचा, कारण त्याची आजची किंमत शून्य असली तरी उद्याची कोणाला माहीत? पेटंटचं उत्पन्न आणि दुसऱ्याने भरलेला प्रवासखर्चही यात येतो. स्वतःच्या विद्यापीठाचा पगार आणि म्युच्युअल फंड येत नाहीत.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. संशोधक फक्त माहिती देतो. तिच्यात हितसंबंधांचा संघर्ष आहे की नाही, हे ठरवतं त्याचं विद्यापीठ.

विद्यापीठात एवढा धंदा शिरला कधी?

तारीख सांगायचीच तर १९८०. त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने बे-डोल कायदा केला. तोवर सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे हक्क बहुतांशी सरकारकडे जात आणि तिथेच धूळ खात पडत. नव्या कायद्याने विद्यापीठांना ते पेटंट स्वतःच्या नावावर घ्यायची आणि कंपन्यांना परवान्याने द्यायची मुभा मिळाली. रॉयल्टीतला वाटा शोध लावणाऱ्याला द्यायचा हेही त्यात आलं. कायद्याचा हेतू चांगलाच होता, आणि प्रयोगशाळेतल्या कितीतरी गोष्टी त्यामुळे औषधाच्या दुकानापर्यंत आल्या.

पण खेळाचे नियम त्यामुळे बदलले. प्राध्यापक सकाळी प्रयोगशाळेत आणि दुपारी स्वतःच्या कंपनीच्या बैठकीत दिसू लागले. विद्यापीठ त्या कंपनीत भागीदार झालं. २००३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकात एक आढावा आला. त्यात असं दिसलं की सुमारे एक चतुर्थांश संशोधकांचे उद्योगांशी संबंध होते, आणि सुमारे दोन तृतीयांश संस्थांकडे अशा नव्या कंपन्यांचे शेअर होते, ज्या त्याच संस्थांमधल्या संशोधनाला पैसे पुरवत होत्या. आता आधीच्या उत्तरातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पंचाचाही खेळात पैसा लागलेला.

जेसी गेलसिंगर प्रकरणाचा उल्लेख सगळीकडे येतो. ते नक्की काय होतं?

या उत्तराला थोडा वेळ द्या.

जेसी अ‍ॅरिझोनातल्या ट्यूसॉनचा अठरा वर्षांचा मुलगा. त्याला ओटीसी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता होती. या आजारात प्रथिनं पचताना तयार होणारा अमोनिया शरीराबाहेर टाकला जात नाही. याचं तीव्र रूप घेऊन जन्मलेली बाळं बहुतेक वाचत नाहीत, पण जेसीचा आजार सौम्य होता. पथ्याचं जेवण आणि रोजच्या मूठभर गोळ्या यांवर त्याचं बरं चाललं होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात या आजारावरच्या जनुक उपचाराची, म्हणजे बिघडलेल्या जनुकाचं काम करणारं चांगलं जनुक विषाणूच्या पाठीवरून शरीरात पोचवण्याची, चाचणी चालू होती. तिचा जेसीला स्वतःला फायदा होणार नव्हता. औषधाचा किती डोस सोसतो एवढंच पाहायचं होतं. आजारी बाळांच्या उपयोगी पडेल म्हणून तो तयार झाला.

१३ सप्टेंबर १९९९ रोजी जनुक वाहून नेणारा अ‍ॅडेनोव्हायरस त्याच्या यकृताच्या रक्तवाहिनीत सोडला. त्याच्या शरीराने विषाणूविरुद्ध भयंकर उठाव केला, एकेक अवयव बंद पडत गेला आणि १७ तारखेला तो गेला.

मग चौकशी झाली. चाचणीत घेताना त्याचा अमोनिया ठरलेल्या पातळीहून जास्त होता. अशाच विषाणूच्या आधीच्या, जास्त तीव्र रूपाने माकडं दगावली होती. संमतीपत्राच्या आधीच्या मसुद्यात त्याचा उल्लेख होता. जेसीने सही केलेल्या कागदात तो नव्हता. आधीच्या काही रुग्णांना झालेला त्रास औषध प्रशासनाला वेळेवर कळवला गेला नव्हता.

आणि पैसा. जनुक उपचार संस्थेचे संचालक डॉ. जेम्स विल्सन हे जेनोवो या कंपनीचे संस्थापक होते. ही कंपनी त्यांच्या संस्थेला संशोधनासाठी पैसे देत होती, आणि तिच्यात विल्सन व विद्यापीठ या दोघांचेही शेअर होते. २००० मध्ये जेनोवो दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, तेव्हा विल्सन यांच्या वाट्याला सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलर किमतीचे शेअर आल्याचं नोंदलं गेलं आहे. जेसीला इंजेक्शन विल्सन यांनी दिलं नव्हतं आणि रुग्ण निवडण्याचं कामही त्यांचं नव्हतं, हेही सांगायला हवं. २००५ मध्ये विद्यापीठाने न्याय खात्याशी समझोता केला आणि ५,१७,४९६ डॉलर भरले. चूक कोणीच कबूल केली नाही.

आता खरी गंमत, तिला गंमत म्हणवत नाही तरी. हे सगळं लपवलेलं नव्हतं. संमतीपत्रात शेवटाकडे एक वाक्य होतं: विद्यापीठ, डॉ. विल्सन आणि जेनोवो यांचा या संशोधनाच्या यशात आर्थिक हितसंबंध आहे. वाक्य होतं, सही होती, नियम पाळला गेला होता. अठरा वर्षांच्या मुलाने त्या वाक्याचं काय करायचं होतं?

पैशामुळे निष्कर्ष खरंच बदलतात का, की ही नुसती शंका?

आकडे आहेत. १९९८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. तेव्हा रक्तदाबावरच्या कॅल्शियम चॅनल ब्लॉकर गटातल्या औषधांच्या सुरक्षिततेवर वाद चालू होता. अभ्यासकांनी वादातल्या लेखकांचे तीन गट केले आणि कोणाचे या औषधांच्या उत्पादकांशी पैशाचे संबंध आहेत ते तपासलं. औषधांची बाजू घेणाऱ्यांपैकी ९६ टक्क्यांचे होते, तटस्थ असलेल्यांपैकी ६० टक्क्यांचे, आणि विरोधात लिहिणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांचे. वर सांगितलेल्या २००३ च्या आढाव्यातही उद्योगाच्या पैशावर झालेल्या अभ्यासांत उद्योगाला सोयीचा निष्कर्ष निघण्याचं प्रमाण ठळकपणे जास्त होतं.

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ म्हणून इथे थांबता येईल, पण ते सोपं उत्तर झालं. आकडे खोटे लिहिणारे फार थोडे असतात. फरक पडतो तो आकडे जमवण्याच्या आधी. नव्या औषधाची तुलना कशाशी करायची? जुन्या चांगल्या औषधाशी की साखरेच्या गोळीशी? जुन्या औषधाचा डोस पुरेसा द्यायचा की जरा कमी? चाचणी तीन महिने चालवायची की तीन वर्षं? दुष्परिणाम सहाव्या महिन्यानंतर दिसतात अशी कुणकुण असेल तर तीन महिने फार सोयीचे. यातला प्रत्येक निर्णय वादाचा असतो आणि प्रत्येकाचं समर्थन करता येतं. मिंधेपणा शिरतो तो अशा जागी. ज्याला शिरल्याचं कळत नाही त्याच्यात तो जास्त शिरतो.

दुसरी जागा म्हणजे कपाट. नको असलेला निकाल छापायचाच नाही.

निकाल छापू नका, असं कंपनी विद्यापीठाला सांगू शकते?

बेट्टी डाँग यांना विचारा. आपल्याकडे घरटी एक तरी थायरॉइडची गोळी घेणारं असतं, तेव्हा ही गोष्ट जवळची वाटेल. डाँग या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या औषधशास्त्रज्ञ. सिंथ्रॉइड ही तेव्हाची सर्वाधिक खपाची लेव्होथायरॉक्सिनची गोळी, आणि तिची उत्पादक बूट्स कंपनी. आपली गोळी स्वस्त गोळ्यांपेक्षा सरस आहे हे सिद्ध व्हावं म्हणून कंपनीने १९८७ मध्ये डाँग यांच्याशी करार केला आणि अडीच लाख डॉलर दिले. १९९० च्या अखेरीस काम संपलं. निकाल: चारही गोळ्या सारख्याच.

कंपनीने मग अभ्यासात खोट काढायला सुरुवात केली. विद्यापीठाने चौकशी केली, मोठी खोट सापडली नाही. ‘जामा’ने लेख स्वीकारला, जानेवारी १९९५ च्या अंकात तो यायचा होता. छापायला गेल्यावर कंपनीने करारातल्या एका कलमाकडे बोट दाखवलं: लेखी परवानगीशिवाय प्रसिद्धी नाही. खटला झाला तर विद्यापीठ मागे उभं राहणार नाही हे कळल्यावर डाँग यांनी लेख परत घेतला. पुढच्या वर्षी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने प्रकरण चव्हाट्यावर आणलं आणि एप्रिल १९९७ मध्ये लेख अखेर छापून आला. स्वस्त गोळ्या वापरल्या तर वर्षाला सुमारे ३५ कोटी ६० लाख डॉलर वाचतील असा त्यात अंदाज होता. काम संपून सहा वर्षं उलटून गेली होती. दर वर्षाचा हिशेब आपापला करावा.

डाँग यांनी निकाल वाकवला नाही, हे लक्षात घ्या. संशोधक ताठ राहिला तरी करार वाकवू शकतो. म्हणून संशोधकाच्या खिशाइतकंच करारातलं बारीक अक्षर वाचावं लागतं.

दोषी फक्त औषध कंपन्याच का?

मुळीच नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातले अँड्र्यू वेकफिल्ड आठवा. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा त्यांचा लेख फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मुलं फक्त बारा. लस उत्पादकांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलाकडून ते पैसे घेत होते, हे लेखात नव्हतं. पुढे ही रक्कम ४,३५,६४३ पाउंड अधिक खर्च इतकी निघाली. लेख येण्याआधीच, १९९७ मध्ये, गोवरासाठी वेगळ्या लशीच्या पेटंटचा अर्जही त्यांच्या नावे झाला होता. पत्रकार ब्रायन डिअर यांनी २००४ पासून हे खणून काढलं, २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला आणि वेकफिल्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं.

‘कंपन्यांविरुद्ध बोलतो म्हणजे खरं बोलतो’ असं समजणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप मित्रांना हे उत्तर जरूर पाठवा.

जाहीर केलं की प्रश्न मिटला, नाही का?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं मत सरळ आहे: नाही मिटत.

एक तर जाहीर करणं संशोधकाच्या भरवशावर असतं. अटलांटातल्या एमोरी विद्यापीठाच्या मनोविकार विभागाचे प्रमुख चार्ल्स नेमेरॉफ यांनी १५ जुलै २००४ रोजी विद्यापीठाला लिहून दिलं, की ग्लॅक्सोस्मिथक्लाइनकडून वर्षाला दहा हजार डॉलरहून कमीच घेईन. त्या वर्षी त्या एका कंपनीकडून त्यांना सुमारे १,७०,००० डॉलर मिळाले. सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या २००८ च्या चौकशीत दिसलं की २००० ते २००७ या काळात औषध कंपन्यांकडून त्यांना २८ लाखांहून अधिक डॉलर मिळाले आणि त्यांतले किमान १२ लाख विद्यापीठाला कळवले नव्हते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होझे बासेल्गा यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये राजीनामा दिला, तोही कंपन्यांकडून मिळालेल्या लाखो डॉलरचा उल्लेख कितीतरी शोधनिबंधांत न केल्याचं वृत्तपत्रात आल्यावर.

दुसरं कारण जास्त विचित्र आहे. केन, लोवेनस्टीन आणि मूर या तीन संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रयोग मांडला. बरणीत नाणी. एका गटाने बरणी लांबून पाहून रकमेचा अंदाज करायचा. दुसऱ्या गटाने जवळून पाहून त्यांना सल्ला द्यायचा. काही सल्लागारांना समोरच्याचा अंदाज जितका जास्त चढेल तितका मोबदला होता. ‘मला असा मोबदला आहे’ हे ज्यांनी आधी सांगून टाकलं, त्यांनी न सांगणाऱ्यांपेक्षाही जास्त फुगवून सल्ला दिला. ऐकणाऱ्यांनी थोडी सूट धरली, पण पुरेशी नाही. सांगून टाकलं की मनावरचं ओझं उतरतं आणि हात मोकळा होतो. ‘मी आधीच सांगितलं होतं ना!’

त्यामुळे लेखाच्या शेवटी बारीक टायपात ‘लेखकाला अमुक सात कंपन्यांकडून मानधन मिळते’ असं वाचलं की मला हायसं वाटत नाही. एवढंच कळतं की आता सावध राहायचं काम माझ्यावर ढकललंय.

मग विद्यापीठं प्रत्यक्षात काय करू शकतात?

करायचं ठरवलं तर बरंच. शेअर विकायला लावणं. रुग्ण निवडणं आणि संमती घेणं या कामांतून त्या संशोधकाला बाहेर ठेवणं. आकड्यांचं विश्लेषण त्रयस्थाकडे देणं. ज्याची कंपनी, त्याच्या हाताखालच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला त्या कामावर न लावणं. हा मुद्दा नेहमी विसरला जातो, कारण विद्यार्थी तक्रार करत नाहीत. आणि विद्यापीठाचेच शेअर असतील तर चाचणी दुसऱ्या संस्थेत नेणं. हे शेवटचं सगळ्यात कमी घडतं.

संशोधक खोटं सांगतो हे पकडतं कोण?

ग्रासली यांची युक्ती साधी होती. विद्यापीठाकडून संशोधकाने दिलेले आकडे मागवले, कंपन्यांकडून त्यांनी दिलेले आकडे मागवले आणि दोन कागद शेजारी ठेवले. वाण्याच्या खतावणीशी घरची डायरी ताडून पाहावी तसं. त्यातूनच पुढे डॉक्टरांना दिलेल्या रकमा उघड करायला लावणारा ‘सनशाइन’ कायदा आला, २०१० च्या आरोग्य कायद्याचा भाग म्हणून. तिथल्या औषध आणि उपकरण कंपन्या डॉक्टरांना काय काय देतात ते सरकारला कळवतात आणि ३० सप्टेंबर २०१४ पासून ते ‘ओपन पेमेंट्स’ या संकेतस्थळावर कोणालाही नाव टाकून पाहता येतं. अगदी जेवणाची बिलंसुद्धा.

रुग्णाला हे कळायचा हक्क आहे का?

कॅलिफोर्नियात जॉन मूर यांच्या खटल्याने तो प्रस्थापित झाला. १९७६ मध्ये त्यांना एक दुर्मीळ रक्ताचा कर्करोग होता, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांची प्लीहा काढली. पुढची कित्येक वर्षं डॉक्टर त्यांना तपासणीसाठी बोलावत आणि रक्त वगैरे घेत राहिले. दरम्यान त्यांच्या पेशींपासून पेशीमालिका (प्रयोगशाळेत वाढतच राहणाऱ्या पेशी) तयार झाली होती, १९८४ मध्ये विद्यापीठाच्या नावावर तिचं पेटंट निघालं, आणि डॉक्टरला एका कंपनीचे शेअर मिळाले. मूर कोर्टात गेले. १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, काढून घेतलेल्या पेशींवर तुमची मालकी नाही. पण डॉक्टरने त्यातला आपला आर्थिक स्वार्थ तुम्हाला संमती घेतानाच सांगायला हवा होता.

निम्मा न्याय, असं माझं मत. पण तो निम्मा महत्त्वाचा.

मुलगी बोस्टनमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करते. तिला कशाकशाची माहिती द्यावी लागते?

सरकारी अनुदानावरच्या प्रकल्पाची आखणी, प्रत्यक्ष काम किंवा अहवाल यांची जबाबदारी तिच्यावर असेल तर ती नियमात येते, पद काहीही असो. नवऱ्याचे आणि अवलंबून असलेल्या मुलांचे हितसंबंधही मोजतात. सासऱ्यांच्या डीमॅट खात्याची काळजी नको. नवं काही हाती आलं तर तीस दिवसांत कळवायचं. एका गोष्टीत आपली मुलं हमखास चुकतात: अमेरिकन विद्यापीठाने व्याख्यानाचं मानधन दिलं तर सूट असते, परदेशी विद्यापीठाने दिलं तर नसते. पुण्यात किंवा मुंबईत शिकवून मिळालेला पैसा मर्यादेबाहेर गेला, तर तो सांगावा लागतो.

भारतात काय स्थिती आहे?

नियम नाहीत असं नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये दुरुस्ती झाली आणि कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार, रोख घेणं डॉक्टरांना वर्ज्य ठरलं. संशोधनासाठी पैसा घेता येतो, पण मान्यताप्राप्त संस्थेमार्फत आणि उघडपणे. २०२३ मध्ये परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी नियमावली आणली आणि त्याच महिन्यात स्थगित केली, म्हणून जुनीच चालू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एपेक्स लॅबोरेटरीज खटल्यात सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च दाखवून कंपनीला प्राप्तिकरात वजावट घेता येणार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हितसंबंधांवर वेगळा मजकूर आहे.

कुठे घोडं अडतं ते सांगणारा सगळ्यात बोलका कागद मात्र संसदेचा आहे. मे २०१२ मध्ये संसदीय स्थायी समितीचा ५९ वा अहवाल आला. नव्या औषधांना परवानगी देताना सरकार वैद्यकीय महाविद्यालयांतल्या तज्ज्ञांचं मत मागवतं. समितीने ती पत्रं काढून पाहिली. वेगवेगळ्या शहरांतल्या तज्ज्ञांची पत्रं जवळपास शब्दाला शब्द सारखी निघाली. मजकूर कंपनीनेच लिहिला आणि तज्ज्ञांनी खाली सही केली, असा समितीचा निष्कर्ष होता. इथे किती पैसे दिले-घेतले याचा एकही आकडा नाही, कारण कोणी मोजलेच नव्हते. डॉक्टरचं नाव टाकून कंपन्यांनी त्याला काय दिलं ते पाहता येईल अशी सरकारी सोय आपल्याकडे आजही नाही. म्हणून आपल्याकडची प्रकरणं थोडकी दिसतात.

एथिक्स कमिटी असते ना? ती काय करते?

माणसांवरच्या चाचणीला परवानगी द्यायची की नाही हे ही कमिटी ठरवते. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार तिच्यात किमान सात जण लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. एक सामान्य नागरिकही लागतो. एका रुग्णालयाच्या कमिटीत ती खुर्ची काही काळ माझ्याकडे होती. पहिल्या बैठकीत चहाबरोबर एक छापील कागद फिरला, ‘माझा कोणताही हितसंबंध नाही’. सगळ्यांनी सही केली, मीही केली. कोणत्या चाचणीबद्दल ते नंतर कळलं.

तिथे मी एक गोष्ट शिकले. जाड प्रोटोकॉलपेक्षा (चाचणीच्या आराखड्यापेक्षा) बजेटचं पान आधी वाचावं. प्रत्येक भरती झालेल्या रुग्णामागे किती रक्कम, ती संस्थेच्या खात्यात की मुख्य संशोधकाच्या, आणि रुग्ण मधेच बाहेर पडला तर किती कापणार? तुम्ही चाचणीत टिकून राहण्यात डॉक्टरचा पैसा अडकलेला असेल, तर ‘तुम्ही कधीही बाहेर पडू शकता’ हे संमतीपत्रातलं वाक्य तो कोणत्या स्वरात वाचून दाखवेल, याचा विचार करा.

मला चाचणीत यायला सांगितलंय. काय विचारू?

पैसे कोण देतंय? रुग्णामागे डॉक्टरांना वेगळे मिळतात का? हे औषध किंवा यंत्र यांच्या स्वतःच्या पेटंटचं आहे का? चाचणीत न जाता माझ्यावर कोणते उपचार होऊ शकतात? मला इजा झाली तर खर्च कोणाचा? शिवाय चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का ते पाहा. १५ जून २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे आणि प्रायोजकाचं नाव त्यात असतं. डॉक्टरांना असं विचारायची भीड वाटते, हे मान्य. भीड भिकेची बहीण, हेही आपल्याच घरातलं. सही लगेच करू नका, कागद घरी न्या. कागद घरी नेऊ देत नसतील तर तेच उत्तर समजा.

जेसीच्या प्रकरणातल्या त्या संशोधकाचं पुढे काय झालं?

२००५ च्या समझोत्यानुसार माणसांवरच्या चाचण्यांचं नेतृत्व करण्यावर विल्सन यांना २०१० पर्यंत बंधनं होती. प्रयोगशाळा चालू राहिली. त्यांनी जुना विषाणू सोडला आणि एएव्ही हा सौम्य विषाणू हाती घेतला. त्यांच्याच प्रयोगशाळेतून आलेला एएव्ही-९ आज झोल्जेन्स्मा या औषधात जनुक वाहून नेतो. हे तेच ‘सोळा कोटींचं इंजेक्शन’, ज्यासाठी २०२१ मध्ये महाराष्ट्रात लहान बाळांचे आईबाप लोकवर्गणी गोळा करत होते आणि आपण सगळे मेसेज पुढे पाठवत होतो. एएव्ही-९ चे हक्क विद्यापीठाकडून रीजेनएक्सबायो या कंपनीकडे गेले. तिचे एक सहसंस्थापक विल्सनच.

जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी आणखी एका जनुक उपचार कंपनीच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. कारण दिलं, एएव्हीच्या मोठ्या डोसांबद्दलची काळजी. त्याच सुमाराला त्यांच्या प्रयोगशाळेचा एक निबंध आला. एएव्ही-९ च्या सख्ख्या भावासारखा विषाणू मोठ्या डोसात दिल्यावर माकडांच्या यकृताला आणि डुकराच्या पिल्लांच्या मज्जातंतूंना गंभीर इजा झाली, असं त्यात लिहिलं होतं. १९९९ च्या संमतीपत्रातून माकडं गळली होती. या वेळी ती त्यांनी स्वतः छापली.